चार वाजून सतरा मिनिटं

रुपचंद मास्तर जे बोलला ते तोंडात अर्धं भजं असताना बोलला, त्यामुळे त्याला कुणी फारसं वजन दिलं नाही. ते गिरधरला उद्देशून नव्हतंच. जळगावच्या स्टेशन रस्त्यावर मोतीलालचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला तिथल्या बाकावर ही चार माणसं नेहमीसारखी जमली होती. अडतीस सालचा डिसेंबर होता. मुंबईत क्रिकेटचे पंचरंगी सामने चालू होते आणि दुपारच्या गाडीनं आलेला पेपर मोतीलालनं मांडीखाली दाबून ठेवला होता, कुणी आधी वाचू नये म्हणून. एका सायकलचं चाक उलटं टांगून तो त्याचा आउट काढत होता. चाक फिरवायचं, ते कुठे डुलतं ते बघायचं, तिथली तार पान्यानं आवळायची, पुन्हा फिरवायचं. मोतीलालनं जन्मात मुंबई पाहिली नव्हती. पण आदल्या दिवशी एका फलंदाजाला चुकीचा धावचीत दिला याबद्दल त्याची खात्री होती आणि त्या पंचाचा त्याला मनस्वी राग आला होता.

"अर्धा हात आत होता तो," मोतीलाल म्हणाला. "अर्धा हात!"

"तुम्ही कुठून पाहिलंत, शेठ? झाडावरून?" रुपचंदनं विचारलं.

"पेपरात लिहिलंय."

"पेपरवाला तरी कुठे होता? तोही चहा पीत असेल." रुपचंद शाळेत कवायत शिकवायचा. दर सुटीला सातपुड्याच्या बाजूला पायी जायचा आणि सोमवारी आपले फुटलेले तळपाय सगळ्यांना कौतुकानं दाखवायचा. त्यानं भज्याचा घास घेतला आणि तसाच बोलत राहिला. "आमच्या शाळेच्या शर्यतीत बघा. एक मास्तर दोरीवर, एक मास्तर घड्याळावर. दोन्ही एकाला द्यायचं नाही. घड्याळात बघितलं की दोरी दिसत नाही. शर्यत गेलीच मग." घास गिळून तो पुढच्या रविवारच्या डोंगराकडे वळला.

"मास्तर, तुमना डोंगर कोठे जाई ऱ्हायना?" उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसलेला निंबा म्हणाला. "तो तठेच शे. सोमवारे दखा."

सगळे हसले. गिरधरही हसला. त्याचा अंगठा मात्र बंडीच्या खिशातल्या घड्याळाच्या झाकणावर होता. ते झाकण दाबून उघडायची त्याला सवय होती. खटका वाजायचा, मग बंद करतानाचा दुसरा खटका. त्यानं अंगठा दाबला नाही, उचललाही नाही. निंबा मोतीलालच्या पकडीनं मासे धरायचा एक वाकलेला गळ सरळ करत होता, आणि त्यानं मान वर केली की नाही हे गिरधरला पाहायचं होतं. निंबानं मान वर केली नाही. गळ उजेडात धरून त्यानं एक डोळा मिटला, टोक पाहिलं, पुन्हा पकडीत धरलं. ऐकलं असेल? ऐकलं असणारच, दोन हातांवर तर बसला होता. मोतीलालनं चाक फिरवलं. त्यातली एक तार कुठेतरी घासत होती. टिक, टिक, टिक.

घरी जाताना तो नेहमीपेक्षा हळू चालला. नेहमीच्या वाटेवर कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या, बैल सोडलेले, गाडीवान गाड्यांखाली पसरलेले, आणि वाऱ्यावर उडालेली रुई बाभळींच्या काट्यांना अडकून बसली होती. त्याचं सगळं आयुष्य ह्या रुईत गेलं होतं. जिनिंगमध्ये तो कापसाचा पारखी होता. रुईची चिमूट घ्यायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, तुटलेले तंतू बाहीच्या काळ्या कापडावर ठेवायचे, बघायचं आणि सांगायचं. एकदाच बघायचं. दुसरी चिमूट त्यानं घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गिरधरभाऊंची नजर, असं लोक म्हणायचे, आणि ते म्हणताना आवाज जरा खाली आणायचे. ह्या नजरेमुळेच सत्तावीस वर्षांच्या पोराला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचाच होता, एरंडोलकडच्या त्या जत्रेत कुस्तीचा पंच केलं होतं. नेहमीचे म्हातारे पंच तापानं आजारी पडले होते. कुणीतरी म्हणालं, तो पारखी आलाय ना, त्याला उभा करा, त्याचा डोळा चुकत नाही.

आणि त्या दिवसाची गोष्ट तो गेली सोळा वर्षं सांगत आला होता. ती तो आपणहून सांगायचा असं नव्हतं, लोकच सांगायला लावायचे. काळ्या रानात हौद खणून त्यात सात गाड्या तांबडी माती टाकली होती, तिच्यात ताक आणि तेल मिसळलं होतं, त्या मातीचा वास पार बैलबाजारापर्यंत येत होता. शेवटची कुस्ती निंबाची आणि झिपरूची. निंबा शिरपूरकडचा, तेव्हा अठ्ठावीसचा, मांड्या अशा की चालताना एकमेकींना घासायच्या. त्या साली तो एकही कुस्ती हरला नव्हता. झिपरू भुसावळकडचा, वजनानं जास्त. पाऊण तास कुणी कुणाला हलवलं नाही. आणि मग, इथे गिरधर थांबायचा, खिशातलं घड्याळ काढायचा, झाकणाचा खटका वाजवायचा. "बरोबर चार वाजून सतरा मिनिटांनी," तो म्हणायचा, "निंबाचे दोन्ही खांदे टेकले." ऐकणारे माना डोलवायचे. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आणि मिनिटासकट! ह्याला म्हणतात नजर. निंबा जवळ असला तरी ही गोष्ट व्हायची. आमचा निंबा, मोतीलाल म्हणायचा, कधी पडला ते सरकारदरबारी नोंद आहे. निंबा आपला शेंगा सोलत बसायचा.

आज पहिल्यांदा गिरधरनं चालता चालता स्वतःला विचारलं, घड्याळात सतरा मिनिटं झालेली मी पाहिली कधी? उत्तर सोपं होतं. मागून कुणीतरी विचारलं होतं, भाऊ, वाजले किती? घड्याळ नवं होतं, चारच दिवसांपूर्वी घेतलेलं, साखळीसकट. खिशातून काढताना साखळी बंडीच्या गुंडीत अडकली. ती सोडवली. झाकण उघडलं. उन्हामुळे काच चमकली म्हणून घड्याळ तिरपं केलं. मिनिटकाटा तिनाच्या पुढे, दोन बारीक रेघा ओलांडून. चार सतरा, असं त्यानं मोठ्यानं सांगितलंही होतं, जरुरीपेक्षा मोठ्यानं. आणि त्याच क्षणी गर्दीतून आवाज उठला. त्यानं वर पाहिलं तेव्हा झिपरू वर होता आणि निंबा खालून पालथा होत होता, आणि निंबाच्या दोन्ही खांद्यांवर तांबडी माती होती. "पडला, पडला" असं भुसावळची माणसं ओरडत होती. समोरच्या बाजूच्या दुसऱ्या पंचानं गिरधरकडे पाहिलं. खांदे तुमच्या बाजूला, तुम्ही सांगा, असं ते पाहणं होतं. गिरधरनं हात वर केला. हे सगळं त्याला इतकं लखलखीत आठवत होतं, काचेवरचं ऊनसुद्धा, की त्यातली नसलेली गोष्ट त्याला सोळा वर्षांत जाणवली नव्हती. खांदे टेकताना त्याला आठवतच नव्हते. तिथे घड्याळ होतं.

सुगंधाबाई, त्याची बायको, ओसरीवर कणीक मळत होती. पोळ्यांची नव्हे, रविवारच्या माशांसाठीची, थोडा गूळ आणि हिंग घातलेली घट्ट कणीक. गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी गिरधर आणि निंबा मेहरूणच्या तळ्यावर गळ टाकून बसायचे आणि गळाला लावायची कणीक ह्या घरातून जायची. अजून मधे दोन दिवस होते, पण ती आधीच मळून मुरायला ठेवायची. मासे घरात यायचे नाहीत, ते निंबा घेऊन जायचा. घरात फक्त हिंगाचा वास राहायचा.

"निंबाच्या कुस्तीची गोष्ट तू किती वेळा ऐकलीस?" गिरधरनं विचारलं.

"काय माहीत. पाहुणे आले की ऐकते."

"त्यात काही... म्हणजे तुला कधी काही वाटलं का?"

तिनं हात थांबवले नाहीत. "घड्याळाचं का?" ती म्हणाली.

गिरधरनं खिशातलं घड्याळ चाचपलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," सुगंधाबाई म्हणाली, आणि कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून उतरंडीपाशी ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये यावलकडच्या कापसाचा ढीग समोर होता. त्यानं चिमूट घेतली, ओढली, बाहीवर ठेवली. बघितलं. मग दुसरी चिमूट घेतली. ढीग उपसणाऱ्या वना हमालानं फावडं टेकवून त्याच्याकडे पाहिलं. "भाऊ, आज दोनदा?" गिरधर म्हणाला, "दमट वाटतोय." कापूस दमट नव्हता. दुसऱ्या चिमटीनं पहिलीचंच सांगितलं, पण आता तेवढ्यानं खात्री होत नव्हती. तिसरी घ्यावीशी वाटत होती. त्यानं हात पाठीमागे बांधले. दुपारभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली, ती म्हणजे निंबा उठून उभा राहिला तो क्षण. निंबा उठला आणि म्हणाला, "नही." एवढंच. मोठ्यानं नाही, तक्रारीनं नाही. कुणी नाव चुकीचं घेतलं तर माणूस दुरुस्त करतो तसं. मग त्याची नजर गिरधरच्या वर गेलेल्या हाताकडे गेली आणि त्यानं तोंड मिटलं. चांदीचं कडं झिपरूला गेलं, फेटाही. निंबानं त्यानंतर लंगोट बांधला नाही. गावी गेला नाही, कारण तो जिंकणार म्हणून गावानं मिरवणुकीची तयारी केली होती. चार वर्षं कुठे कुठे राहून शेवटी जळगावला आला, तेव्हा गिरधरनंच ओळखीच्या एका बागायतदाराला सांगून त्याला मेहरूणच्या बाजूच्या केळीच्या मळ्यावर मुकादम म्हणून लावून दिलं. हरलेल्या पहिलवानाला हात दिला, लोक म्हणाले. गिरधरलाही तसंच वाटलं होतं. आता त्याला प्रश्न पडला की त्या वेळी हरलेल्या पहिलवानाचंच काम करून द्यावं असं त्याला का वाटलं? जळगावात कामाशिवायची माणसं काही कमी नव्हती.

शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी तो दुकानावर गेला. न जाणं जास्त दिसलं असतं. मोतीलालचं क्रिकेट, मास्तरचे डोंगर, थंडीत मासा खाली बसतो की वर येतो, कोणत्या तळ्यात मरळ आहे, सायकलनं अमळनेरला जाऊन यायला किती तास. अशा बोलण्यात माणूस तास न् तास राहू शकतो, त्यात कुणाचं काही जात नाही. गिरधरच्या लक्षात आलं की ह्याच बोलण्यातून त्याचं काहीतरी गेलं होतं आणि बाकीचे निवांत होते. मास्तरला स्वतःचं वाक्य आठवतही नसणार. आणि समजा गप्प बसलं तर? कुणी विचारणार नव्हतं. पुढच्या वेळी गोष्ट सांगताना मिनिटं गाळायची की झालं. एवढं सोपं होतं ते. पण दर रविवारी तीन तास त्या माणसाच्या शेजारी पाण्याकडे बघत बसायचं, आपल्या बायकोनं मळलेली कणीक मधे ठेवून. ते काही सोपं नव्हतं.

रविवारी तळ्यावर धुकं होतं. बांबूच्या काठ्या, दोऱ्या, दोरीला बांधलेली मोरपिसाची देठं. देठ पाण्यावर उभं राहतं. मासा कणकेला लागला की बुडतं. निंबा ह्या कामात पक्का होता. अकरा वर्षांत त्याचं देठ बुडालं आणि त्यानं काठी उचलली नाही असं एकदाही झालं नव्हतं. पाय पसरून, घोंगडी खांद्यावर घेऊन तो बसला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या शरीरावर जुन्या मांड्या अजून दिसत होत्या, पोट मात्र नवीन होतं.

"मासा रविवारे सुटी लेस," निंबा थोड्या वेळानं म्हणाला. हा त्याचा नेहमीचा विनोद होता.

"निंबा," गिरधर म्हणाला, "त्या जत्रेत तू पडलास तेव्हा मी तुझ्याकडे बघत नव्हतो. घड्याळ बघत होतो."

वाक्य त्यानं तीन दिवस तयार केलं होतं. ह्याहून लांब होतं ते; त्यात साखळी अडकली होती, ऊन होतं, मागून विचारणारा माणूस होता. तोंडातून एवढंच बाहेर पडलं आणि ते पुरेसं होतं. निंबा पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या समोरचं देठ हललं, एकदा थरथरलं आणि सरळ खाली गेलं. निंबानं काठी उचलली नाही. देठ पाण्याखाली इकडून तिकडे सरकताना दिसत होतं. मग ते वर आलं आणि स्वस्थ उभं राहिलं. कणीक गेली होती.

"आते काबर सांगस?" निंबानं विचारलं.

"मला गुरुवारी कळलं."

"गुरुवारे." निंबानं तो शब्द नुसता परत म्हटला. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात उतरत होत्या. "गिरधरभाऊ, माले माहीत व्हतं मी पडनू नही. तवाच. उठनू तवाच. पाठले समजस. पाठ टेकस ना, तवय आंगमा एक दनका बसस. तो बसना नव्हता." त्यानं रिकामा गळ वर ओढला. "मंग तुना हात दखा. तुना डोळा चुकस नही, बठ्ठा म्हनेत. तं मी समजनू, मनी पाठच खोटी शे. जी पाठ पडनी का नही हाई माले सांगत नही, ती लिसन कुस्ती कशी करू?"

गिरधरला वाटत आलं होतं की त्यानं निंबाची एक कुस्ती घेतली. कडं, फेटा, मिरवणूक. ह्यापैकी काहीच निंबा मोजत नव्हता; आपल्या पाठीवरचा विश्वास गेला, तेवढंच तो मोजत होता. गिरधरनं पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. काय म्हणायचं असतं अशा वेळी? चुकलं, म्हणावं, तर तो शब्द वाटेत पाय लागला म्हणजे वापरतात.

निंबा उठला. घोंगडी टाकली, सदरा काढला, बंडी काढली. त्या थंडीत तो कमरेइतक्या पाण्यात गेला, एक बुडी मारली आणि बाहेर आला. काठाला करडा चिखल होता, त्यावर वाळलेल्या लव्हाळ्याच्या काड्या पडलेल्या. निंबा त्यात उताणा निजला. डोकं टेकलं, खांदे टेकले, हात बाजूला. एक क्षण तो आभाळाकडे बघत तसाच पडला. ह्या माणसाला उताणा पडलेला गिरधरनं आज प्रथमच पाहिला होता. मग निंबा कुशीवर वळून उठला, गिरधरसमोर उभा राहिला आणि त्यानं पाठ केली.

"दख," तो म्हणाला. "बराबर दख."

गिरधरनं पाहिलं. आयुष्यात त्यानं कापूस पाहिला होता तसं पाहिलं. दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर चिखलाचे दोन गोल ठसे होते, भाकरीएवढे, कडा साफ. मधल्या कण्याच्या खोलगट पन्हळीत चिखल नव्हता, तिथे नुसतं पाणी ओघळत होतं. डाव्या ठशावर लव्हाळ्याची एक काडी अंगात रुतून बसली होती.

"त्या दिनले अशी व्हती का?"

आणि त्या दिवशीची पाठ गिरधरला दिसली. निंबा पालथा होत होता, ऊन त्याच्या पाठीवर होतं आणि त्या पाठीवरची माती गोल नव्हती. ती ओढलेली होती. उजव्या खांद्यापासून खाली, कण्यावरून, डाव्या खांद्यापर्यंत पट्टे. घामानं अंग निसटायला लागलं की पहिलवान खालची मूठभर माती उचलून समोरच्याच्या अंगावर चोळतो, पकड बसावी म्हणून. त्यात काही गैर नसतं, प्रत्येक हौदात होतं. झिपरूनं ती चोळली होती, गिरधर साखळी सोडवत असताना. पट्टे चार होते. म्हणजे त्यानं पाहिलं होतं. वर बघितलं त्या क्षणी ते चार पट्टे त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि तरी हात वर गेला, कारण लोक ओरडत होते, दुसरा पंच बघत होता, आणि पारख्यानं पाहिलंच नाही हे कळण्यापेक्षा... की आत्ता समोरच्या पाठीवरून तो ती पाठ रंगवत होता? सोळा वर्षं नसलेली गोष्ट अशी एकाएकी पट्ट्यांसकट येते का? त्याला दोन्हींतलं खरं निवडता येईना. तिसरी चिमूट इथे मिळण्यासारखी नव्हती.

"बोटं होती," तो म्हणाला.

"कितला?"

"चार. उजवीकडून डावीकडे."

निंबानं होकारार्थी मान हलवली. "झिपरू डावखोरा व्हता," तो म्हणाला. पुन्हा पाण्यात जाऊन त्यानं पाठ धुतली. हात पोचत नव्हता तिथे पाणी मारलं. गिरधर उठला होता, पण पाठ धुवायला जावं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात निंबा बाहेर आला. बंडी घालताना, डोकं आत असतानाच तो म्हणाला, "झिपरू मरी गया. माले तं माहीत व्हतं. तू चार सतरा बठ्ठा लोकेसले सांगेल शे." डोकं बाहेर आलं. "आते?"

उरलेली कणीक निंबानं गोळ्यासकट पाण्यात फेकली. मासे वर आले, ती खाऊन गेले.

सोमवारी संध्याकाळी दुकानावर एक नवा माणूस होता. पुना त्याचं नाव, धुळ्याहून टायर-ट्यूब घेऊन फिरायचा. त्याच्या बोलण्यातून दर दोन वाक्यांनी कुस्ती निघत होती, त्यामुळे मोतीलाल खुश झाला. टांगलेलं चाक गुरुवारचंच होतं. रुपचंद मास्तरनं एक पायताण काढून फोड सगळ्यांना दाखवला होता. निंबा खोक्यावर शेंगा सोलत बसलेला होता. तो येईल असं गिरधरला वाटलं नव्हतं.

"धुळ्याच्या गोष्टी सांगू नका," मोतीलाल पुनाला म्हणाला. "हा बसलाय तो निंबा पहिलवान. आणि हे गिरधरभाऊ, कापसाचे पारखी, ह्याच्या कुस्तीचे पंच. भाऊ, सांगा हो ह्यांना. निंबा किती वाजता पडला?"

चाक फिरत होतं. गिरधरनं खिशात हात घातला नाही.

"घड्याळात चार वाजून सतरा मिनिटं झाली होती," तो म्हणाला. "ते मी पाहिलं. घड्याळ बघत होतो म्हणून कुस्ती पाहिली नाही. निंबा पडला नव्हता. मी हात खोटा वर केला."

मोतीलाल हसला. मग त्यानं गिरधरचं तोंड पाहिलं आणि हसणं तसंच अर्ध्यावर राहिलं. "भाऊ, थट्टा करता का?"

"नाही."

रुपचंद मास्तरनं पायताणात पाय घालायचा सोडून दिला. काहीतरी त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. त्यानं आधी निंबाकडे, मग जमिनीकडे पाहिलं. चाकाची ती एक तार अजून घासत होती.

"पण कडं कोणाला दिलं?" पुनानं विचारलं.

"झिपरूला."

"आणि हे इतक्या वर्षांनी सांगताय?" पुना नवा होता, त्याला कुणाची भीड नव्हती. "आमच्या धुळ्याला असं झालं असतं तर पंचालाच हौदात पुरला असता, भाऊ. कापसाचे पारखी ना तुम्ही? कापूस तरी बघून घेता की घड्याळ बघून?"

कुणी हसलं नाही. मग निंबा हसला, एकटा, थोडंसं, नाकातून. शेंगांची टरफलं त्यानं धोतरावरून झटकली. हसण्यात काय होतं ते गिरधरला कळलं नाही. पण आजवर त्याच्या कुस्तीची गोष्ट निघाल्यावर निंबा हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"मंग, शेठ," निंबा म्हणाला, "स्कोर काय शे?"

मोतीलालनं मांडीखालचा पेपर काढला. दोनदा घसा खाकरला. वाचायला लागला, आधी अडखळत, मग सवयीनं. मास्तरनं मधेच एक आकडा चुकीचा सांगितला, मोतीलालनं तो सुधारला. गिरधर ऐकत होता. उद्यापर्यंत हे जिनिंगमध्ये पोचेल. परवा यावलचे, रावेरचे गाडीवान ढिगापाशी उभे राहून त्याच्या चिमटीकडे बघतील आणि म्हणतील, भाऊ, अजून एकदा बघा. तेव्हा तो अजून एकदा बघेल. ह्यात अन्याय काही नव्हता. सवय व्हायला वेळ लागेल एवढंच.

पेपर संपल्यावर निंबा उठला. रस्त्यावर दोन पावलं गेला आणि मागे वळून म्हणाला, "गिरधरभाऊ, रविवारे कणीक मी लई येसू."

म्हणजे तो येणार होता. आणि सुगंधाबाईच्या हातची कणीक त्याला नको होती. दोन्ही खरं होतं. कोणतं आधी धरायचं ते गिरधरला ठरवता येईना, आणि निंबा थांबला नव्हता. तो स्टेशनच्या बाजूनं चालत होता, खांदे थोडे पुढे, पाठ रुंद, सदऱ्याच्या मधोमध घामाचा एक उभा डाग.

पुना सायकलला टायरांची चळत बांधत होता. "भाऊ," त्यानं मागून विचारलं, "वाजले किती?"

गिरधर निंबाच्या पाठीकडे बघत राहिला. पुनानं पुन्हा विचारलं. निंबा वळणावरच्या कडुलिंबापाशी पोचला, एका टांग्याला वाट द्यायला बाजूला झाला, आणि मग दिसेनासा झाला. तेव्हा गिरधरनं घड्याळ काढलं. सहाला पाच मिनिटं कमी होती.